सिस्टर, जरा बघता का? शाळेतली नर्स आणि मुलांचं आरोग्य : पालक नेहमी विचारतात ते प्रश्न

जूनमध्ये शाळा उघडली की पहिले पंधरा दिवस माझ्या फोनला उसंत नसते. पालक नवे असतात, प्रश्न तेच. आधी काही वर्षं हॉस्पिटलच्या बालविभागात आणि आता १४ वर्षं शाळेच्या सिकरूममध्ये काढल्यावर उत्तरं तोंडपाठ झालीत, पण घाईत दिलेलं उत्तर निम्मंच पोचतं. म्हणून एकदाचं लिहून काढलंय. माझी शाळा शहरातली, खासगी. पण नातेवाइकांत, ओळखीपाळखीत झेडपीच्या आणि आश्रमशाळेत जाणारी मुलं बरीच आहेत, त्यांच्याकडून येणारे प्रश्नही यात घेतलेत.

शाळेची नर्स म्हणजे नक्की कोण? डॉक्टरच का नाही ठेवत?

बारावीनंतर एएनएम २ वर्षांचं, जीएनएम ३ वर्षांचं, बीएस्सी नर्सिंग ४ वर्षांचं. यातलं काहीतरी केलेली आणि महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी असलेली व्यक्ती म्हणजे नर्स. प्रथमोपचाराचा दोन दिवसांचा कोर्स केलेल्या मावशी म्हणजे नर्स नव्हे. मावशींचा उपयोग फार असतो, तो भाग वेगळा. प्रवेश घेताना शाळेला हे विचारायला संकोचू नका.

निदान करणं, औषध लिहून देणं हे माझं काम नाही. मी बघते, मोजते, लिहून ठेवते, पहिली मदत करते आणि कुणाला कधी कळवायचं ते ठरवते. आमच्याकडे डॉक्टर आठवड्यातून एकदा येतात. एरवी काय करायचं याच्या त्यांनी सही करून दिलेल्या सूचना कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेल्या आहेत. रोज तीसेक मुलं येऊन जातात. त्यातली निम्मी गुडघा खरचटलेली, दोन-चार खरंच आजारी, आणि उरलेल्यांना काय झालंय हे शोधून काढावं लागतं. माझा दिवस जातो तो या उरलेल्यांत.

आमच्या शाळेत नर्स नाही. मग मुलांची तपासणी होतच नाही का?

होते, पण कशी ते बहुतेकांना ठाऊक नसतं. सरकारी आणि अनुदानित शाळांच्या संचमान्यतेत, म्हणजे मंजूर पदांच्या यादीत, नर्सचं पदच नसतं, त्यामुळे मुख्याध्यापकांवर चिडून उपयोग नाही. तिथे जे येतं ते राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं, म्हणजे 'आरबीएसके'चं पथक. हा कार्यक्रम देशात सुरू झाला तोच आपल्या पालघरहून, फेब्रुवारी २०१३ मध्ये. तेव्हा पालघर ठाणे जिल्ह्यात होतं. पथकात दोन आयुष (आयुर्वेद, होमिओपॅथी वगैरेंचे) डॉक्टर, एक औषधनिर्माता आणि एक नर्स किंवा एएनएम. अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा यायचं, ० ते १८ वयाच्या प्रत्येक मुलाला बघायचं. जन्मजात व्यंग, पोषणाची कमतरता, आजार आणि वाढीतला उशीर अशा चार गटांत मिळून ३० प्रकारच्या तक्रारी ते शोधतात. काही सापडलं की ग्रामीण किंवा जिल्हा रुग्णालयात पाठवतात. हृदयाला छिद्र असेल, ओठ किंवा टाळू दुभंगलेली असेल, तर शस्त्रक्रियेचा खर्चही सरकार करतं.

आता खरी गोम ऐका. पथक येतं त्या दिवशी मूल गैरहजर असतं. किंवा पथक चिठ्ठी देतं, ती दप्तराच्या तळाशी वहीच्या कव्हरात जाऊन बसते आणि दिवाळीच्या सुट्टीत दप्तर धुताना सापडते. तपासणी कधी आहे ते वर्गशिक्षकांना आधीच विचारा, आणि त्या संध्याकाळी दप्तर उपसा. चिठ्ठी हरवली असेल तर जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात पथकाचा नंबर मिळतो.

तसं पाहिलं तर शाळेतल्या मुलांची तपासणी ही काही कालची कल्पना नाही. आपल्याकडे पहिली तपासणी बडोदा शहरात १९०९ मध्ये झाली, सयाजीरावांच्या राजवटीत. देशाच्या आरोग्यसेवेचा आढावा घेणाऱ्या सरकारी भोर समितीने १९४६ मध्ये लिहून ठेवलं की देशात शालेय आरोग्यसेवा जवळपास नाहीच. तिकडे न्यूयॉर्कमध्ये १९०२ मध्ये लीना रॉजर्स नावाच्या नर्सला शाळांमध्ये नेमलं होतं, कारण डॉक्टर खरूज, उवा, डोळे आलेल्या मुलांना सरसकट घरी पाठवत होते आणि ती मुलं परत येतच नव्हती. रॉजर्सबाई त्यांच्या घरी गेल्या, उपचार शिकवले, आणि पोरं वर्गात परतली. माझ्या टेबलावर त्यांचा फोटो नाही, पण असायला हरकत नव्हती.

साधी तापाची गोळीसुद्धा का देत नाही? आम्ही घरी देतोच की.

सगळ्यात जास्त वादाचा प्रश्न हाच, म्हणून सविस्तर सांगते.

सकाळी सातला मुलाला कणकण असते. चाचणी परीक्षा असते. आई पॅरासिटामॉलचं सिरप पाजून पाठवते आणि डायरीत काही लिहीत नाही, कारण लिहिलं तर शाळा परत पाठवेल. नवाला ताप उतरलेला असतो, साडेदहाला पुन्हा चढतो. मूल माझ्याकडे येतं. सकाळी औषध घेतलंस का विचारलं तर 'नाही' म्हणतं, कारण घरून तसं सांगून पाठवलेलं असतं. आता मी दिलं तर दोन डोसांत ४ तासांचंही अंतर पडत नाही. शिवाय एक चमचा म्हणजे किती? बाजारात ५ मिलीत १२० मिलिग्रॅमचंही सिरप मिळतं आणि २५० चंही. बाटल्या दिसायला सारख्याच. डोस वजनावर ठरतो, किलोला १० ते १५ मिलिग्रॅम. वयावर नाही आणि 'मोठ्याला देतो त्याच्या निम्मं' या हिशेबावर तर नाहीच.

म्हणून आमचा नियम असा : पालकांची लेखी संमती, त्या दिवशीचा फोन, मुलाचं वजन, सकाळच्या औषधाची वेळ. चारही असेल तर डॉक्टरांच्या सूचनेप्रमाणे एक डोस देते आणि घरी कळवते. फोन लागला नाही तर ओल्या फडक्याने पुसून काढते, पाणी पाजते आणि वाट बघते. ताप म्हणजे १००.४ फॅरेनहाइट किंवा त्याच्या वर. 'अंग गरम लागतंय' ही माहिती झाली, तापाचं मोजमाप थर्मामीटरच करतो.

खोकल्याचं औषध मी देत नाही, आणि दप्तरात बाटली घालून 'मधल्या सुट्टीत पी' हे तर अजिबात चालणार नाही. २०२५ मध्ये छिंदवाड्याकडची लहान मुलं दूषित कफ सिरपमुळे मूत्रपिंड निकामी होऊन दगावली, त्यांतल्या कित्येकांवर नागपुरात उपचार चालू होते. तेव्हापासून पालक स्वतःच विचारायला लागलेत, हे एक बरं झालं. अ‍ॅस्पिरिन मुलांना कधीच नाही.

'पोट दुखतंय' हे खरं असतं की बहाणा?

पोट दुखतं हे जवळजवळ नेहमी खरं असतं. कारण पोटात असेलच असं नाही.

सहावीतला एक मुलगा दर बुधवारी दुसऱ्या तासाला यायचा. वर्गशिक्षिका म्हणाल्या, 'गणित आहे ना, म्हणून.' वेळापत्रक काढून बघितलं तर गणित रोजच होतं. पीटीचे सर म्हणाले, 'माझ्या तासाला टाळतो.' पीटी शुक्रवारी. मी रजिस्टरची पानं मागे उलटत गेले : बुधवार, बुधवार, एक बुधवार सोडून, बुधवार. त्याच्याजवळ बसून शाळेचं काहीच विचारलं नाही. विचारलं, 'बुधवारी सकाळी घरी कोण असतं रे?' आईची बुधवारी पहिली पाळी. ती पाचला कंपनीच्या बसमध्ये. बाबा नाक्यावर. हा स्वतःच चहा करून, त्यात दोन बिस्किटं बुडवून यायचा, आणि साडेनऊला पोटात आग पडायची. त्याला त्या आगीचं नाव 'पोटदुखी' एवढंच माहीत होतं. तेव्हापासून ड्रॉवरमध्ये शेंगदाण्याच्या चिक्कीचा डबा ठेवते. आईला सांगितलं तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आलं, म्हणून पुढच्या वेळी असं सांगताना मी आवाज आणखी खाली ठेवायला शिकले.

म्हणून प्रत्येक मुलाची नोंद ठेवते : तारीख, वेळ, कुठला तास, काय खाल्लं, कोणी आणून सोडलं. एका नोंदीतून काही कळत नाही, दहांतून कळतं.

आणि माझी चूकही सांगते. पहिल्या वर्षी एका मुलीला एकाच दिवशी दोनदा वर्गात परत पाठवलं. बेंबीपाशी दुखतंय म्हणत होती, ताप नव्हता. दुपारी तिसऱ्यांदा आली ती कमरेत वाकून. रात्री अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं. सुदैवाने फुटलं नव्हतं. आता पोट दुखणाऱ्या प्रत्येक मुलाला मी म्हणते, 'एका पायावर दोन उड्या मार बघू.' बहाणा असेल तर उड्या सहज मारतो. बेंबीपासून उजवीकडे खाली सरकलेलं दुखणं असेल तर पहिल्याच उडीला चेहरा कसनुसा होतो. तेव्हा ओवा नाही, गरम पाण्याची पिशवी नाही, तोंडाने काही नाही. सरळ पालकांना फोन आणि डॉक्टर.

मुलाला घरी कधी ठेवायचं?

ताप असेल तर औषधाशिवाय २४ तास तापाविना जाईपर्यंत. उलट्या-जुलाब थांबून एक दिवस होईपर्यंत. कांजण्या आल्या तर सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत, मग परीक्षा असो की स्नेहसंमेलन. गालगुंड झालं तर सूज दिसल्यापासून ५ दिवस, गोवर असेल तर पुरळ उठल्यापासून ४ दिवस. कांजण्या आणि गोवराला बऱ्याच घरांत अजून 'देवी आली' म्हणतात, डॉक्टरकडे नेत नाहीत. कडुलिंबाचा पाला ठेवा, माझी काही हरकत नाही, पण शाळेला कळवा. वर्गात एखादं कॅन्सरचं औषध चालू असलेलं मूल असतं किंवा बाई गरोदर असतात. त्यांच्यासाठी ती बातमी वेळेवर मिळणं फार मोठं असतं.

नुसती सर्दी असेल तर पाठवा. रुमाल द्या.

उवा झाल्या म्हणून मुलीला वर्गात वेगळं बसवलं. हे बरोबर आहे का?

नाही. उवा अस्वच्छतेने होतात हा गैरसमज. डोक्याला डोकं लागलं की होतात, आणि मुली गप्पा मारताना डोकी जोडूनच बसतात. घरी पाठवायचीही गरज नाही, त्या दिवशी उपचार सुरू झाले की झालं. १ टक्का परमेथ्रिनचं लोशन लावून, धुऊन, ओल्या केसांतून बारीक दातांच्या फणीने लिखा काढायच्या. ८-१० दिवसांनी पुन्हा एकदा, कारण लिखांमधून नव्या उवा निघतात. घरातल्या सगळ्यांची डोकी बघा, आजीचंही. आणि रॉकेल लावू नका. गॅसजवळ उभ्या असलेल्या रॉकेल लावलेल्या डोक्याचा विचार करा म्हणजे पुढचं बोलावं लागणार नाही.

सोमवारची निळी गोळी आणि जंताची गोळी घ्यावी का? 'गोळ्या खाऊन मुलं आजारी पडली' असं ऐकतो.

घ्यावी. आठवड्यातून एकदा मिळते ती लोहाची. १० ते १९ वयाला निळी, त्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड. त्याहून लहान शाळकरी मुलांना गुलाबी, ४५ मिलिग्रॅमची. उपाशीपोटी घेतली तर मळमळतं, म्हणून जेवणानंतर, खिचडी खाऊन झाल्यावर. शी काळी होते, घाबरू नका. तासभर आधी-नंतर चहा नको, चहा लोह अडवतो. वरून लिंबू पिळलेलं काही खाल्लं तर उलट चांगलं अंगी लागतं.

जंतनाशक दिन १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टला असतो. ४०० मिलिग्रॅमची अल्बेंडाझोल, चावून चावून खायची, गिळायची नाही. पोटात जंत भरपूर असतील तर ते मरताना थोडं दुखतं, एखादी उलटी होते. एकाला उलटी झाली की शेजारच्यालाही मळमळतं, मग पूर्ण रांगेला. बातमीत येतं ते बहुतेकदा हेच. त्या दिवशी मूल आजारी असेल तर देऊ नका म्हणून सांगा, राहिलेल्यांसाठी नंतर मॉप-अप दिन असतो.

मुलगी सतत दमते, जिन्यावर थांबते, माती-खडू खाते, असं दिसलं तर गोळीवर न थांबता रक्त तपासा. १२ वर्षांच्या पुढच्या मुलीचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली म्हणजे रक्त कमी. विदर्भातल्या आणि नंदुरबारकडच्या पालकांना एक जास्तीचं : सांधे दुखणं, डोळे पिवळे होणं, वारंवार ताप असेल तर सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणी मागून घ्या. सरकारी दवाखान्यात होते.

डोळे तपासले, 'नॉर्मल' आले, तरी मूल फळ्यावरचं चुकीचं उतरवतं.

तक्ता पाठ झाला असेल! हसू नका. पाचवीतल्या एका मुलीने मला शेवटच्या ओळीपर्यंत धडाधडा वाचून दाखवलं. रांगेत तिच्या पुढे अकराजणी होत्या, तिने ऐकून ऐकून पाठ केलेलं. मी म्हटलं, आता उजवीकडून डावीकडे वाच. तिसऱ्या ओळीला अडकली. चष्मा लागला की मैत्रिणी चिडवतील ही भीती होती.

तक्त्यापासून ६ मीटर अंतर टेप लावून मोजायचं, पावलांनी नाही. एक डोळा तळहाताने झाकायचा, बोटांनी नाही, बोटांच्या फटीतून सगळं दिसतं. रांग दाराबाहेर उभी करायची. घरी बघायचं तर मूल टीव्हीच्या जवळ सरकतं का, डोळे बारीक करून बघतं का, एका बाजूला मान कलती ठेवतं का, एवढं पुरे. आरबीएसकेतून चष्मा मोफत मिळतो.

दमा किंवा डायबेटिस असलेल्या मुलाला शाळेत पाठवताना काय करायचं?

दम्याचा पंप मुलाच्या दप्तरातच हवा. ऑफिसच्या कुलूपबंद कपाटात ठेवलेला पंप म्हणजे नसलेला पंप. चावी असलेले लिपिक त्या दिवशी रजेवर असतात. निळा पंप धाप लागल्यावरचा, रोजचा वेगळा असतो तो घरीच. स्पेसर (पंपाला जोडायची नळी) द्या, नुसत्या पंपाचं औषध लहान मुलांच्या जिभेवरच राहतं. 'पंपाची सवय लागते' हे मी इतक्यांदा ऐकलंय की आता वाद घालत नाही, फक्त विचारते, 'चष्म्याची लागते का?'

टाइप वन डायबेटिस गोड खाल्ल्याने होत नाही, आणि तो आई-वडिलांचा दोषही नाही. शरीरात इन्सुलिन बनणंच थांबलेलं असतं. अशा मुलाला वर्गात साखर तपासायला, इन्सुलिन घ्यायला, मध्येच खायला मुभा हवी. बोर्डाच्या परीक्षेत असं खायचं सोबत नेण्याची परवानगी सीबीएसईने २०१७ मध्येच दिली. धोका साखर उतरण्याचा जास्त. मूल घामेजतं, थरथरतं, उगाच चिडतं, अक्षर बिघडतं. साखर ७० च्या खाली असेल तर ३ चमचे साखर अर्ध्या ग्लास पाण्यात, १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचं. चॉकलेट, लाडू नको, तुपाने साखर हळू चढते. आणि त्याला एकट्याला सिकरूमकडे पाठवू नका, जिन्यात कोसळतं. मूल बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, १०८ ला फोन.

ही दोन्ही मुलं सहलीला जाऊ शकतात. सहलीतून नाव कापायची वेळ येते ती बहुतेकदा घरून माहिती लपवल्यामुळे.

शाळेत अचानक काही झालं तर तुम्ही जे करता ते आम्हालाही सांगा.

चार गोष्टी सांगते, कारण या चारांत घरोघरी उलटंच करतात.

घोळणा फुटला : डोकं मागे नाही, पुढे. नाकाचा मऊ भाग १० मिनिटं चिमटीत धरायचा, घड्याळ लावून. दर मिनिटाला सोडून बघत बसलात की थांबत नाही. मागे झुकवलं तर रक्त पोटात जातं आणि मग रक्ताचीच उलटी होते, घर घाबरतं ते वेगळंच.

फिट आली : कांदा नाही, चप्पल नाही, हातात किल्ल्या नाहीत, दातांत चमचा तर मुळीच नाही. आजूबाजूचं बाकं-खुर्च्या सरकवा, कुशीवर वळवा, वेळ बघा. ५ मिनिटांच्या वर गेली तर १०८.

कायमचा दात पडला : शोधा. मुळाला हात न लावता वरच्या भागाला धरा, घासू नका, गार दुधाच्या पेल्यात टाका आणि अर्ध्या-पाऊण तासात दातांच्या डॉक्टरकडे पोचा. तो दात परत बसू शकतो. मैदानावर पडलेला दात शोधायला मी सातवीचा अख्खा वर्ग कामाला लावलेला आहे.

कुत्रं चावलं : साबण आणि वाहतं पाणी, पूर्ण १५ मिनिटं. तिखट-हळद-चुना काही नाही. मग इंजेक्शन, त्याच दिवशी, सरकारी दवाखान्यात मोफत. पिल्लाचा नुसता ओरखडा असला तरी. मुलं मार बसेल म्हणून ही गोष्ट लपवतात, तेव्हा 'तिकडे गेलासच कशाला' हे इंजेक्शन झाल्यावर म्हणा.

मुलगा आश्रमशाळेत राहतो. तिथे रात्री काही झालं तर?

तिथे अधीक्षक-अधीक्षिका हेच आई-बाप आणि तेच नर्स. त्यांच्याशी ओळख ठेवा. एक गोष्ट मात्र त्यांना आणि मुलालाही सांगून ठेवा, विशेषतः पावसाळ्यात. जमिनीवर झोपलेलं मूल पहाटे पोट दुखतंय, घसा धरलाय म्हणून उठलं, आणि पापण्या जड होऊन मिटायला लागल्या, तर मण्यार चावल्याचा संशय घ्या. मण्यारीचा दंश दुखत नाही, खूण दिसत नाही, सूजही येत नाही. दोरी आवळणं, चिरा देणं, मांत्रिक यात वेळ गेला की श्वासाचे स्नायू लुळे पडतात. १०८, आणि प्रतिसर्पविष असलेला दवाखाना. खाट आणि नीट खोचलेली मच्छरदाणी हा सगळ्यात स्वस्त बचाव आहे.

मुलीची पाळी शाळेत सुरू झाली तर?

माझ्याकडे पॅड असतात, जास्तीची चड्डी आणि एक निळा स्कर्टही असतो. मुली येऊन 'सिस्टर, ते द्या ना' म्हणतात. मी मुद्दाम विचारते, 'ते म्हणजे काय?' हळूहळू दहावीपर्यंत 'पॅड द्या' म्हणायला लागतात. वर्तमानपत्रात गुंडाळून देत नाही.

चौथी-पाचवीतच घरी सांगून ठेवा. 'कावळा शिवला' असं सांगितलेली एक मुलगी रक्त बघून आपल्याला कॅन्सर झाला समजून दोन तास बाथरूममध्ये बसली होती. पहिली एक-दोन वर्षं पाळी पुढेमागे होणं स्वाभाविक. दर तासाला पॅड भिजत असेल, ७ दिवसांच्या वर चालत असेल किंवा दर महिन्याला शाळा बुडण्याइतकं दुखत असेल तर डॉक्टरांना दाखवा. 'लग्नानंतर थांबेल' हे उपचार नव्हेत.

मुलं तुम्हाला जे सांगतात ते सगळं आम्हाला सांगता का?

सगळं नाही. कुणाला कोण आवडतं, कोण कुणाशी बोलत नाही, हे माझ्या खोलीत राहतं. तसं राहतं म्हणूनच मुलं येतात.

दोन गोष्टी राहत नाहीत. मूल जिवाचं बरंवाईट करण्याबद्दल बोललं तर मी त्याच दिवशी पालकांना आणि समुपदेशकांना सांगते, आणि हे मुलालाही आधी सांगते. मानसिक आरोग्यासाठी १४४१६ हा टेली-मानसचा नंबर आहे, मराठीत बोलता येतं. दुसरी, लैंगिक अत्याचाराची शंका. २०१२ च्या पोक्सो कायद्याने कळवणं बंधनकारक आहे, न कळवणं गुन्हा. 'शाळेची बदनामी', 'घरातलंच माणूस आहे' ही कारणं त्यात बसत नाहीत. मुलांसाठीचा नंबर १०९८.

गेटबाहेरचा वडापाव बंद का नाही करत?

२०२० च्या अन्नसुरक्षा नियमांनुसार शाळेत आणि गेटपासून ५० मीटरच्या आत जास्त तेल-मीठ-साखरेचे पदार्थ विकता येत नाहीत, आणि तंबाखूला १०० यार्डांची हद्द आहे. मोजायला कोणी येत नाही, हे तुम्हालाही माहीत आहे. गुटख्याच्या पुड्या मी आठवीतल्या खिशांतून काढल्यात. वडापावचं मला तेवढं दुःख नाही.

तो चार पानी आरोग्य फॉर्म भरायलाच हवा का?

हवा, आणि खरा. 'काही नाही' असं तिरकी रेघ मारून लिहिलेले फॉर्म मला पाठ आहेत. लहानपणी आलेली आकडी, शेंगदाण्याची किंवा औषधाची अ‍ॅलर्जी, चालू असलेल्या गोळ्या, रक्तगट पक्का माहीत असेल तरच, आणि १० व १६ वर्षांचं टीडीचं (धनुर्वात-घटसर्पाचं) इंजेक्शन झालंय का, एवढं तरी. आकडी लिहिली म्हणून कोणी प्रवेश नाकारणार नाही. लिहिली नाही म्हणून माझी मात्र पहिली दोन मिनिटं वाया जातात.

शाळेतून फोन आला की सगळं सोडून धावत यायचं का?

माझं पहिलं वाक्य ऐका. 'घाबरू नका, मूल माझ्यासमोर बसलंय' म्हटलं तर गाडी सावकाश चालवा. 'आम्ही निघालोय, तुम्ही अमुक हॉस्पिटलला या' म्हटलं तर शाळेत येऊ नका, थेट तिकडे. अनोळखी नंबर म्हणून कट करू नका. शाळेचा लँडलाइन नंबर सेव्ह करा, आणि दुसरा संपर्क म्हणून दुपारी फोन उचलणारं माणूस द्या. आजोबा चालतात, पण त्यांचा फोन सायलेंटवर नसेल हे बघा. शेजारच्या काकूंना पाठवणार असाल तर आधी तुमचा फोन आणि त्यांच्या हातात ओळखपत्र हवं, नाहीतर वॉचमनकाका त्यांना गेटच्या आत घेणार नाहीत, आणि त्या बाबतीत मी त्यांच्याच बाजूची आहे.